नव्वद फुटांचं वर्तुळ

कंपाउंडसाठी पैसे नव्हते असं नाही, मिस्त्री नव्हता.
बेशाकडचे सगळे मिस्त्री एप्रिलात गावी जातात, लग्नांना.
म्हणून हर्षलनं पुण्याहून खोकं पाठवलं:
टिफिनएवढा पांढरा डबा, एक पट्टा, पन्नास झेंड्या.

मी तीस वर्षं वीज मंडळात मीटर तपासले.
तार दिसली की मला बरं वाटतं.
इथं तार नव्हती.
डबा खिडकीत, खटका खाली, हिरवा दिवा,
अन् म्हणे कुंपण झालं.

पुस्तिका तीनदा वाचली, एकदा चष्मा बदलून.
डबा सारखा बोलत असतो: मी इथे आहे, मी इथे आहे.
पट्टा ऐकत असतो.
ऐकू येतं तोवर सगळं ठीक.
बोलणं पुसट झालं, ठरल्या पातळीखाली गेलं,
की पट्टा टिटवीसारखा ओरडतो,
आणि तरी पाऊल पुढे पडलंच
तर मानेवरची दोन टोकं चिमटा काढतात.
म्हणजे कुंपण आहे तिथे काहीच नसतं.
नुसती ऐकू न येण्याची जागा.

चिमटा आधी स्वतःच्या मनगटावर घेतला, मंडळाची सवय.
मुंगीहून जास्त, गांधीलमाशीहून कमी.
मग भुऱ्याच्या गळ्यात.

त्याआधी पट्टा हातात धरून हद्द शोधली,
कुत्र्याच्या मानेएवढं वाकून, सकाळी सहाला, ऊन चढायच्या आत.
टिट् झालं की एक झेंडी.
कुमुद नेवारे दात घासत बघत होती.
"काय पेरून राहिल्या ताई?"

नव्वद फूट खोक्यावर होतं.
मोकळ्या मैदानात, हे खाली, बारीक अक्षरात.
घुंडी निम्म्यावर ठेवली तरी गंमत अशी
की प्लॉट चौकोनी, चाळीस बाय साठ, रजिस्ट्रीत शिक्क्यासकट,
आणि लहर गोल.
मागचा पेरूचा कोपरा माझा, तो बाहेर पडला.
कुमुदचं धुणं वाळतं ती जागा आत आली.
लहरीनं रजिस्ट्री वाचलेली नसते.

मग अक्षय्यतृतीयेला त्याच खिडकीत कूलर बसवला.
जाड पत्र्याचा, वाळ्याच्या ताट्यांचा.
वर्तुळ एका बाजूनं बारा पावलं आत सरकलं,
चावलेल्या भाकरीसारखं.
झेंड्या तिथेच उभ्या, खोटं सांगत.
मला हे कळलं कसं, तर भुऱ्या ओरडला तेव्हा.
तो कडुलिंबाखाली झोपला होता.
स्वतःच्या अंगणात, स्वतःच्या सावलीत,
कुठेही निघाला नव्हता.

डबा दुसऱ्या खोलीत नेला, पत्र्यापासून लांब.
झेंड्या उपटून नव्यानं लावल्या.
भुऱ्याला हे कोण समजावणार.
कडुलिंबाला तो वळसा घालू लागला.
पाण्याचा टँकर रस्त्यात उभा राहिला
की पायरीवरून उतरायचाच नाही.
टँकरमागे वर्तुळ खरंच आक्रसत होतं,
ते मी नंतर पट्टा घेऊन फिरून तपासलं.
त्यानं तपासलं नव्हतं.

मे महिन्यात, सत्तेचाळीस अंशांच्या दुपारी, लाइट गेली.
डबा मेला की पट्टाही निजतो, तशीच रचना आहे,
नाहीतर फ्यूज उडाला म्हणून जनावरानं मार खायचा.
चार तास कुंपण नव्हतं.
समोर वर्धा रोडपर्यंत नुसतं मोकळं माळरान,
आणि भुऱ्या शेवटच्या झेंडीपाशी बसलेला,
पुढचे दोन्ही पंजे तंतोतंत रेषेवर.

मी दारातून म्हटलं, जा रे.
कान हलला फक्त.

संध्याकाळी कुमुद शिळी पोळी घेऊन आली.
रेषेपलीकडे थांबली, चपलेनं धूळ थोडी सरकवली,
आणि हात आत घालून मला विचारलं,
"इथवर येते का त्याले?"
मला सांगता येईना.
डबा अजून बंदच होता.
तिनं पोळी आणखी वीतभर आत ठेवली.